खापरातला विस्तव

मुक्काम चौक
कार्तिक शुद्ध १२, शके १८१५

चिरंजीव आबाजी यास,

आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते.

माझी चूल विझली आहे. आज सात दिवस झाले. पोहे भिजवते आणि ताकाशी खाते. मी आजारी नाही, लाकडं संपलेली नाहीत, पाऊसही नाही. तेव्हा घाबरून हिरूला इकडे धाडू नकोस. दीड महिन्याचं पोर घेऊन तिनं गाडीत हादरे खायचं काही कारण नाही.

भात कापून खळ्यावर आलं. झोडायचं राहिलंय. तांबडी गाय आज-उद्या विईल. नामा गाडीवान उद्या कर्जतला पोती घेऊन निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. बातम्या संपल्या.

माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळेतनं आलास की तू चुलीपुढं राख पसरायचास आणि बोटानं क-ख गिरवायचास. मी भाकरी थापता थापता बघायचे. तू पुसून टाकलंस की मी मनात ठेवायचे. बोलताना हाय-नाय आणि लिहिताना आहे-नाही, हेसुद्धा तूच शिकवलंस. तेव्हा शहाणा होतास.

आता तुझं. भाऊबीजेच्या सकाळचं.

तू मागल्या पडवीत तोंड धूत होतास. शेजारून जयवंता आली. हातात खापर, खापरात गोवरीचा तुकडा. रोज येते तशी. म्हणाली, "सोनू, तुझा विस्तव जागा झाला का गं?"

मी आतून म्हटलं, "तो कवाच जागा हाय. तूच लोळत पडली असशील."

हे आमचं रोजचं. या गावात कोंबड्यानंतर हेच ऐकू येतं. मी राख सारली, सांडशीत निखारा धरला, आणि दाराशी येते तो तू पुढं झालेला.

"मावशी, तुझं हे अजून चालूच हाय का? मला कळतंय तवापासनं बघतोय, रोज उठून दारात. घरात एक आगपेटी नाय ठेवता येत?"

ती हसली. "आमाला कुठं पेटवता येते रं ती."

तू नव्या कोटाच्या खिशातनं पेटी काढलीस आणि तिच्या खापरात टाकलीस. हातात दिली नाहीस, टाकलीस. मी बघत होते. "ही घे. संपली की नामाकडं निरोप दे, दुसरी धाडीन. पण उद्यापासनं दारात नको येऊ. डायवराच्या आईच्या दारात रोज कोन ना कोन मागायला उभं, बरं दिसत नाय."

जयवंतानं ती पेटी खापरातून उचलली, पदरानं पुसली आणि उंबऱ्यावर ठेवली. "देव तुला लई देऊ दे रं पोरा," म्हणाली, आणि थंड गोवरी घेऊन गेली. मी सांडशी धरून तशीच उभी. निखारा काळा पडला तेव्हा भानावर आले.

आणि तू काय म्हणालास? "बघ आये, यांना दान पन घेता येत नाय."

दान! आबा, दोन दमड्यांच्या काड्या आणि त्याला तू दान म्हणतोस? मी त्या वेळी गप्प बसले ते घरात सण होता म्हणून. तुझी बहीण असती तर तिनं ओवाळायचं तबक तुझ्या डोक्यात घातलं असतं. देवानं ती दिली नाही म्हणून वाचलास.

दुपारी जेवताना सगळ्यांपुढं सांगत होतास. यार्डातल्या इंजिनावर डायवर झालो, कर्जतला विटांचं घर बांधलं, नवसाशिवाय पोरगा झाला, "सगळं या मनगटावर." पोर पण मनगटावर झालं का रे? हिरू बिचारी काय करत होती मग? माझ्या तोंडात करंजी होती, नाहीतर तिथंच विचारलं असतं.

बारा वर्षं तू घाटाच्या इंजिनावर आगवाला होतास. गाडी घाट चढत नाही म्हणून कर्जतला मागून दुसरं इंजिन लावतात, ते ढकलतं, आणि वर पोचलं की सुटून गुपचूप मागं येतं. तूच मला हे सांगितलंस. पुढं बसलेल्या शेठ लोकांना पत्ता नसतो मागून कोण ढकलतंय, असं सांगून हसला होतास. त्यांना पत्ता नसेल. मागच्या इंजिनात कोळसा घालून ज्याचे हात काळे झाले त्याला तरी असायला हवा होता.

ऐक. तू जन्मलास तो आषाढ. सहा दिवस पावसानं उघडीप दिली नाही. तेव्हा आपलं घर गवताचं होतं. आढ्यातून धार लागली ती थेट चुलीत. चुलीत पाणी तरंगत होतं, त्यात राखेचा चिखल. तू निळा पडला होतास. बाजेखालच्या शेगडीत घालायला निखारा नाही. तुझे बाप घाटात खडक फोडायच्या कामाला गेलेले. तेव्हा ही जयवंता, लग्न होऊन वर्ष झालेली पोरगी, डोक्यावर इरलं घेऊन आली. खापरात निखारे, वर भाताचं तूस, आणि खापर पदराखाली पोटाशी धरलेलं. मनगट भाजलं. ओरडली नाही, कारण हात हलला असता तर विस्तव सांडला असता. ती खूण अजून आहे. तुझं मनगट तू सगळ्यांना दाखवतोस. तिचं कधी बघितलंस?

त्या विस्तवानं तुला पहिला शेक मिळाला. पहिलं तांबडेपण तुला तिच्या खापरातून आलं.

मी देवाधर्माची नाही. देवळात गेले तर चपला कोण नेतंय इकडंच माझं लक्ष. पण सकाळी उठून राख सारली आणि आत तांबडं दिसलं की मी हात जोडते. काल होतं ते आजही आहे, एवढं पुरे. आणि जोडलेले हात सुटायच्या आत जयवंता दारात. कुणी घ्यायला आलं की मग आपल्याकडे आहे हे कळतं. नाहीतर मांजरपण चुलीपाशी शेकत बसतंच की.

तुझे बाप गेले तेव्हापासून ती रोज येते. अठ्ठावीस वर्षं. त्याच्या आधी तीन वर्षं येत नव्हती. ते सोड, त्याचं इथं काही काम नाही.

तू गेलास. दुसऱ्या दिवशी मी राख सारून बसले. विस्तव होता. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी सांडशी घेऊन अंगणात जाऊन उभी राहिले, येडी म्हणतील तर म्हणोत. तिचं मागलं दार लावलेलं. पाचव्या दिवशी राख सारली, आत हरभऱ्याएवढं तांबडं होतं. मी ते विझवलं नाही. फुंकलं नाही, एवढंच.

नामाची बायको गोदा म्हणाली, "आत्ये, माझ्यातला देऊ का?" मी म्हटलं, "गप बस." गोदाचं काय चुकलं होतं? पण मला कुणाचाही नको होता.

तुझी पेटी कोनाड्यात आहे. एक काडी ओढून बघितली. फुर्र झाली आणि गेली. तुझ्या दिवाळीसारखी.

आता मुद्दा. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला तुझी वास्तुशांत. आपल्यात नव्या घराची चूल जुन्या घरच्या विस्तवावर पेटते. तुझ्या आजीनं तसं केलं, मी तसं केलं. तू सांगून गेलास की आदल्या दिवशी नामाकडं विस्तव धाड.

कुठला धाडू?

तुझी आई
सोनुबाई


कार्तिक वद्य ६

आबाजीस,

तुझं पत्र नामानं आणलं आणि सोबत पेट्यांचं पुडकंही. बारा पेट्या! पत्र कुणाकडून वाचून घेतलं नाही, स्वतः वाचलं. दोन दिवस लागले. तू भराभरा लिहितोस, जशी गाडी चुकतेय.

लिहितोस की एका निखाऱ्यासाठी एवढं रामायण कशाला. लिहितोस की गावात सगळ्यांना पेट्या वाटून टाक, म्हणजे कुणी नाव ठेवणार नाही. लिहितोस की मावशी गरीब आहे हे तुला ठाऊक आहे, तिला लुगडं घेऊन देशील.

घेऊन देशील. लुगडं अंगावर टाकलं की झालं. तिच्या दारात बसून तिचं गूळ-पाणी घेणार नाहीस, पण लुगडं देशील. तुझ्या हाताला वरून खाली टाकायचीच सवय लागलीय. फावड्यानं कोळसा टाकून टाकून लागली असेल.

आणि शेवटी काय लिहिलंस? "ती तीन वर्षे का येत नव्हती? तेव्हाही अशीच रुसली होती काय? भांडखोर स्वभाव दिसतो."

हे वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. पाणी प्याले. परत वाचलं. मग खळ्यावर जाऊन चार पेंढ्या झोडल्या, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. तरी राग गेला नाही. राग कुणाचा ते मग कळलं.

भांडखोर ती नाही. मी सांगते. हे मी तुझ्या बापालाही सांगितलं नव्हतं. कागद फाडून टाकायचा असेल तर टाक, पण आधी वाच.

तू चार वर्षांचा होतास. तुझे बाप घाटाच्या कामावर मुकादम झाले. हातात पैसा आला, आपण गवत काढून कौलं घातली. चौक गावात तेव्हा कौलांची घरं पाच-सहा. मी अंगणातून उगीच वर बघायची. शेजारणी आल्या की त्यांनी वर बघावं म्हणून मीच आधी बघायची.

श्रावण होता. जयवंता बाळंत झाली, मुलगी. पाऊस असा की तिच्या घरात सगळीकडं ओल. तिची चूल गेली. तिचा नवरा गोमा माझ्या मागल्या दारी आला. भिजलेला, हातात खापर. तिन्हीसांज झाली होती. मी नुकता दिवा लावला होता.

"वयनी, जरा विस्तव द्या. पोर गार पडलीया."

आता तुला माहीत आहे, दिवेलागणीनंतर विस्तव, मीठ, विरजण बाहेर देत नाहीत, घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणतात सगळेच, आणि अडल्यानडल्याला देतातही सगळेच. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "दिवेलागण झाली, आता विस्तव देत नाय. उद्या ये."

तो उभाच राहिला. तेव्हा मी आणखी म्हटलं, "मुकादमाच्या दारात रोज कोन ना कोन मागायला उभं. बरं दिसत नाय."

वाच हे परत. तुझंच वाक्य आहे ना? तू डायवर म्हणालास, मी मुकादम म्हणाले होते. तू कुठून शिकलास? तू तेव्हा माझ्या पायाशी बसून भात खात होतास.

खरं सांगू, लक्ष्मीबिक्ष्मी काही नव्हतं. मला उठायचा कंटाळा आला होता. आणि नाही म्हणता येतं याची मजा वाटली होती. आजवर मला सगळे देत आले, आता मी नाही म्हणू शकते, याची.

बाकीची घरं ओढ्यापलीकडं. ओढा भरलेला. गोमा उतरला, विस्तव घेऊन निघाला आणि परत येताना छातीएवढ्या पाण्यात खापर बुडालं. तिसऱ्या दिवशी पोर गेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं. जयवंताला पुढं मूल झालं नाही.

मी गावात सांगितलं की त्या दिवशी माझीच चूल विझली होती. सगळ्यांनी खरं धरलं. जयवंताची बाज खिडकीशी होती, आणि तिच्या खिडकीतून माझी नवी कौलं दिसतात. कौलांतून धूर निघत होता.

ती मला एक शब्द बोलली नाही. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. एवढीसुद्धा संधी दिली नाही बाईनं. तीन वर्षं आमच्यात विस्तव गेला नाही, असं लोक नुसतं बोलायला बोलतात. आमच्यात तो खराच जात नव्हता.

मग तुझे बाप तापानं गेले. सुतकात चूल पेटवायची नव्हती. तेराव्याला सगळे जेवून गेले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी थंड चुलीपुढं बसले होते. उठून पेटवावी असं वाटत नव्हतं. दारात जयवंता. खापरात निखारे. म्हणाली, "चूल पेटव. पोरगं उपाशी हाय." चुलीत विस्तव ठेवला, फुंकणी उचलून माझ्या हातात दिली आणि गेली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच रिकामं खापर घेऊन आली. "सोनू, तुझा विस्तव जागा झाला का गं?"

तेव्हापासून रोज. मला वाटायचं, बाई गरीब आहे, गोमाच्या मागं एकटी आहे, विस्तव राखायला जमत नसेल. पंधरा वर्षांपूर्वी तिला ताप आला म्हणून मी भल्या सकाळी तिच्याकडं गेले. तिच्या चुलीतली राख सहज सारली. खाली विस्तव होता, आबा. मूठभर, लालबुंद. गोवरी नीट पुरून ठेवलेली. माझ्यापेक्षा चांगला राखते ती.

तिला विस्तव कधीच नको होता. ती मला द्यायला लावायला येत होती. रोज. एकदा नाही म्हटलेल्या बाईला ती रोज हो म्हणायला लावत होती, आणि वर हसत होती. ती बाजेवरून बघत होती. मी राख परत सारखी केली. पुढच्या सकाळी ताप घेऊन आली, म्हणाली "जागा झाला का गं?" आणि मी निखारा दिला. पंधरा वर्षं मला माहीत होतं आणि तिला मी जाणते हे माहीत होतं.

तिच्या खापरात तू पेटी टाकलीस.

म्हणून तुझ्यावर ओरडते आहे. माझ्यावर ओरडायला घरात दुसरं कोणी नाही.

मला जायला हवं तिच्या दारी. हे काही तुला विचारत नाही, नुसतं लिहून बघते आहे. गोवरी तीनदा हातात घेतली. तीनदा अंगणापर्यंत गेले. एकदा तर मुद्दाम गोदाशी भांडण उकरून काढलं, म्हणजे परत फिरायला निमित्त. तोंड एवढं चालतं माझं, सगळा गाव घाबरतो, आणि वीस पावलं चालवत नाहीत.

तू पत्राचं उत्तर लिहू नकोस. पेट्याही धाडू नकोस.

सोनुबाई


कार्तिक वद्य ११

आबा,

गेले.

सकाळची नाही गेले. मुद्दाम तिन्हीसांजेला गेले, दिवा लावून. गोमा आला होता त्या वेळेला. खापर घेतलं, गोवरी घेतली, आणि तिच्या मागल्या दारी उभी राहिले. आत दिवा होता. ती वाल सोलत बसली होती. मला बघितलं, हात थांबले नाहीत.

मी म्हटलं, "जयवंता, विस्तव दे."

आणखी बरंच बोलायचं ठरवलं होतं. पाठ केलं होतं. तेवढंच निघालं.

तिनं एक शेंग सोलली. दुसरी सोलली. मग म्हणाली, "दिवेलागण झाली सोनू. आता विस्तव देत नाय. उद्या ये."

अक्षर न् अक्षर तेच. गोमानं घरी जाऊन सांगितलं असणार आणि तिनं एकतीस वर्षं जपून ठेवलं, विस्तवासारखं.

मी मान हलवली आणि वळले. पायऱ्या दोनच आहेत तिच्या. दुसरीवर पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "थांब गं. मला येकदा म्हनायचं व्हतं, म्हनून घेतलं. आता खापर धर."

आणि हसायला लागली. हसता हसता वालाची टोपली कलंडली. मला राग आला. म्हटलं, "येवढी म्हातारी झालीस, लाज नाय वाटत?" ती म्हणाली, "तुला लागली का वाटायला? मग मला कशाला पायजे दोघींची."

मग आम्ही वाल वेचले. वाल वेचताना तिनं मुलीचं विचारलं. म्हणजे मी विचारलं. काय नाव ठेवणार होतीस, असं. तिनं सांगितलं. ते मी तुला लिहिणार नाही.

तुझ्याबद्दलही बोलणं झालं. मी म्हटलं, त्या डायवराला मी असा झोडला पत्रातून की काय विचारू नको. तर माझ्यावरच डाफरली. "त्याला कशाला बोललीस? तो मी शेकलेला हाय. माझं मी बघून घीन."

विस्तव घेऊन आले. चूल पेटवली. भाकरी केली, कच्ची राहिली, हाताची सवय मोडलीय. खाल्ली तशीच. आज सकाळी कोंबडा आरवायच्या आधी दारात ही उभी. "सोनू, तुझा विस्तव जागा झाला का गं?"

मी म्हटलं, "तुझाच हाय, तुलाच विचार."

तुझ्या पेट्या गावात वाटल्या. पेटीशी माझं भांडण नाही. पावसाळ्यात उपयोगी पडेल, गोदाला तर फार आवडली. ओढ्यापलीकडच्या घरांना आधी दिल्या. एक जयवंताला दिली, हातात दिली. तिनं घेतली आणि म्हणाली, "पोराची हाय, ठेवते." घेता येतं तिला, बघ.

तांबडी व्याली. पाडी झाली. चीक सात घरांना गेला. खरवस तुझ्यासाठी ठेवलेला नाही, नासतो.

आता वास्तूचं. विस्तव मी नामाकडं धाडणार नाही. तू आदल्या दिवशी रजा काढ आणि स्वतः ये. हिरूला आणि पोराला घेऊन ये. गाडीत पेंढा जास्त घाल म्हणजे हादरे बसणार नाहीत. कोट घालायचा तर घाल, थंडी पडली आहे.

माझ्या दारी आधी येऊ नकोस. गावात शिरलास की पोर हिरूपाशी दे, गोवरी हातात घे आणि जयवंताच्या मागल्या दारी जाऊन उभा राहा. खापर लागेल, तेही घरून आण. ती आतून विचारील कोण आहे म्हणून. डायवर म्हणू नकोस. विस्तव मागायला आलोय म्हण.

दिला तर दोन्ही हातांनी घे. उद्या ये म्हणाली तर उद्या जा.

तुझी वाट बघत चुलीपाशी बसलेली,
आई